अर्ध्यावर तुटलेलं हसू

आधी अण्णा हसले, आणि मग पडद्यावर श्रावस्तीचा चेहरा आला. मध्ये फार तर दोन सेकंद गेले असतील, पण पुढचे कितीतरी दिवस ती त्या दोन सेकंदांतच राहायला गेल्यासारखी झाली. धाराशिवच्या थिएटरात दुपारी बाराचा खेळ होता. तिच्या उजवीकडे तिचे वडील अण्णा, पलीकडे आई, आणि पुढच्या चार रांगा कॉलेजच्या पोरांनी भरलेल्या. पडद्यावर वर्ग होता. एक बाई फळ्याकडे तोंड करून उभी होती आणि कॅमेरा तिच्या कमरेशी चिकटला होता. बाई लिहीत होती; लिहिताना हात हलला की कंबर हलायची, आणि कंबर हलली की जुन्या रिक्षाच्या हॉर्नसारखा पॉं असा आवाज यायचा. दुसऱ्या पॉंला पहिल्या बाकावरचा हिरो डोळे फिरवून खाली पडला. थिएटर हसलं. त्या हसण्यात श्रावस्तीला अगदी कानाशी अण्णांचं हसू ऐकू आलं, पोटातून निघून खोकल्यात संपणारं, लहानपणापासून ओळखीचं. मग कॅमेरा साडीवरून सावकाश वर चढला, पाठीवर थांबला, मानेवर आला, आणि बाई वळली. अण्णांचं हसू खोकल्यापर्यंत पोचलंच नाही. चालत्या मशीनच्या पट्ट्यात चिंधी अडकावी तसं ते मधेच तुटलं.

पडद्यावरच्या श्रावस्तीनं तोंड उघडलं आणि त्यातून भलत्याच बाईचा आवाज आला. साखरेच्या पाकात घोळलेला, लाडिक, मुंबईकडचा. "कुणाला जवळ येऊन समजावून सांगू?" असं तो आवाज म्हणाला. पुन्हा पॉं. पुढच्या रांगेतल्या एकानं शिट्टी मारली. श्रावस्ती स्वतःच्या ओठांकडे बघत राहिली. ते ओठ "शांत बसा, पहिली पायरी नीट बघा" असं म्हणत होते, ते तिला दिसत होतं. जानेवारीत येडशीजवळच्या त्या बंद पडलेल्या शाळेत तीन दिवस तिनं तेच वाक्य म्हटलं होतं. पण आवाज दुसरा होता. आपल्या घरात परकं माणूस वावरतंय आणि आपण खिडकीबाहेर उभं राहून बघतोय, असं तिला वाटलं. सीन दीड मिनिटाचा होता. त्यानंतर पिक्चर अजून दीड तास चालला, आणि तिघांपैकी कुणी उठलं नाही. उठायला काहीतरी बोलावं लागलं असतं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली, श्रावस्ती मध्ये. अण्णांनी पुढं एकट्याची जागा धरली होती. नव्या निळ्या शर्टाची कॉलर त्यांच्या मानेवर ताठ उभी होती. तो शर्ट त्यांनी या पिक्चरसाठी घेतला होता. एसटीच्या डेपोत सत्तावीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस, निवृत्तीनंतरही बस थांबली की इंजिनाच्या आवाजाकडे कान देणारा. आज गाडी दोनदा बंद पडता पडता राहिली तरी त्यांनी मान वळवली नाही. महिनाभर ते लोहाऱ्यात सगळ्यांना सांगत फिरले होते, आमची श्रावस्ती पिक्चरमध्ये मास्तरीण झाली आहे. खऱ्यातही मास्तरीण आणि पिक्चरमध्येही. आई तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "साडी चांगली दिसत होती." श्रावस्तीनं मान हलवली. आईच्या त्या वाक्यात किती शोधाशोध होती, हे तिला समजत होतं. सगळ्या दीड मिनिटातून आईनं तेवढं एक धुऊन, पुसून लेकीसाठी बाजूला काढलं होतं.

बाहेर सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं मागं जात होती. श्रावस्ती मात्र अण्णांच्या मानेकडे बघत होती, आणि बघता बघता तिला त्यांची फार पूर्वीची मान आठवत होती. नववीत असताना गल्लीतला एक पोरगा रोज शाळेच्या वाटेवर शिट्टी मारायचा. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. ग्रीसचे हात धुतले, अंगात स्वच्छ सदरा घातला आणि त्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या बापासोबत चहा पिऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शिट्टी मात्र थांबली. त्या संध्याकाळी गल्लीतून परत येणारी त्यांची सरळ मान तिनं कितीतरी वर्षं जपून ठेवली होती. बारावीनंतर नातेवाईक म्हणाले होते, पोरीला डी.एड. करा, लवकर सुटेल. अण्णा म्हणाले, तिला गणितात एम.एस्सी. करायचंय, करू द्या. असा माणूस. आणि हाच माणूस आज हसला होता. ती स्वतःला सांगत होती की त्यांना माहीत नव्हतं. त्यांना कुठं माहीत होतं ती मी आहे? हे वाक्य तिला वाटेत दिलासा देत राहिलं, आणि जळकोटचा फाटा येईतो त्यातलं काहीतरी बोचायला लागलं. काय बोचतंय ते मात्र सापडेना.

घरी कुणी पिक्चरचं नाव काढलं नाही. रविवारी तिनं दिग्दर्शकाला फोन लावला. अमरनाथ पुण्याहून आला होता, तिशीतला, अदबीचा. प्रत्येकाला ताई, काका म्हणायचा. विद्यापीठाच्या एकांकिका स्पर्धेतला तिचा फोटो बघून त्यानंच तिला बोलावलं होतं. "ताई, भूमिका लहान आहे, पण वजनदार आहे," असं म्हणाला होता. तिनं ती भूमिका मनावर घेतली होती. आपल्याला अकरावीत शिकवणाऱ्या बाईंची चाल तिनं आठवून आठवून उचलली होती. त्या खडू हातात घेण्याआधी पदराला बोटं पुसायच्या, तेसुद्धा. कॅमेरा मागं आहे हे तिला माहीत होतं. "लांबूनच घेतोय, तुम्ही वळू नका, लिहीत राहा," असं त्यानं सांगितलं, आणि ती लिहीत राहिली होती.

"ताई, अहो मीच करणार होतो फोन!" अमरनाथचा आवाज आनंदी होता. "सगळ्यात मोठा हशा तुमच्या सीनला आहे. सगळीकडं."

"माझा आवाज कुठंय?"

"आवाज ना... तो जरा मास्तरणीसारखा वाटत होता."

"मी मास्तरीणच होते."

"तसं नाही ताई. पिक्चरमधली मास्तरीण वेगळी असते." मग समजावणीच्या सुरात, "मनाला लावून घेऊ नका. पोरं बघतात, हसतात, विसरून जातात. दुसरा भाग काढतोय आपण. त्यात तुमचं काम वाढवतो."

तिनं फोन ठेवला. त्याच्या बोलण्यात कुठंही वाईटपणा नव्हता, याचाच तिला जास्त त्रास झाला. त्याला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि तिला आठवलं, लातूरला हॉस्टेलवर असताना ती आणि खोलीतल्या मैत्रिणी अशा सहा जणी एका मोबाइलवर असलेच पिक्चर बघायच्या. एकात जाड नर्स होती, एकात चष्मेवाली ग्रंथपाल, एकात दार चुकून उघडं राहिलेली शेजारीण. त्या बायकांची नावं कुणाला सांगता आली नसती. त्या सहा जणी गाद्यांवर लोळून हसायच्या. त्याच्याही आधी, ती लहान असताना, पगाराच्या दुसऱ्या दिवशी अण्णा तिला धाराशिवला पिक्चरला न्यायचे; तिला पडद्यावरचं सगळं कळायचं नाही, ती अण्णांकडे बघायची. अण्णा हसले की ती हसायची. ते ज्या ठिकाणी हसत, ती ठिकाणं तिला हळूहळू पाठ झाली. हसायला तिला त्यांनीच शिकवलं होतं, हे त्या रविवारी दुपारी पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

सोमवारी स्टाफरूममध्ये फिजिक्सचे बंडप्पा सर म्हणाले, "मॅडम, पाहिला आम्ही. काम छान झालंय." त्यांनी हे चांगल्या मनानं म्हटलं असेल. पण बोलता बोलता त्यांची नजर एकदा घसरली आणि परत वर आली. बारावी सायन्सचा तास साडेदहाचा. वर्ग नेहमीपेक्षा भरलेला होता आणि नेहमीपेक्षा शांत होता. तिनं हजेरी घेतली, इंटिग्रेशनचं उदाहरण वाचून दाखवलं, खडू उचलला, आणि तिला जाणवलं की आता वळावं लागणार. सहा वर्षं ती दिवसातून शंभरदा वळत होती. पाठ नावाची एक गोष्ट आपल्याला आहे हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. ती वळली. पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीला, हात वर गेला तेव्हा, मागून कुणीतरी ओठांनी आवाज काढला. पॉं.

सगळे हसले नाहीत. काही पोरी खाली बघत होत्या. ती वळून उभी राहिली, आणि पुढचा सगळा तास तिनं फळ्याला हात लावला नाही. तोंडी सांगत राहिली, पोरं वहीत उतरवत राहिली. इंटिग्रेशन तोंडी शिकवता येत नाही. मंगळवारीही तिनं तेच केलं. घसा बसला. बुधवारी उदाहरण फारच लांबलचक होतं, फळ्याशिवाय जमण्यासारखं नव्हतं. तिनं वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाली, "प्रतीक्षा, तू ये. लिही."

प्रतीक्षा दुसऱ्या बाकावर बसायची. गावाबाहेरच्या वस्तीवरून सायकलनं यायची. तिचा बाप, बिरू, मेंढरं घेऊन सहा सहा महिने बाहेर असे. त्या घरातून बारावीपर्यंत आलेली ती पहिलीच. गणितात तिचा हात भराभर चालायचा. ती आली, खडू घेतला, लिहू लागली. श्रावस्ती खिडकीपाशी उभी होती, अंग सैल सोडून. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. प्रतीक्षानं तिसरी ओळ लिहायला टाचा उचलल्या, आणि मागून आवाज आला. पॉं. या वेळी वर्ग मोकळेपणानं हसला, कारण ही मॅडम नव्हती. प्रतीक्षाचा हात फळ्यावरच थांबला. तिनं मागं बघितलं नाही. खडू खाली ठेवला, ओढणी मागून पुढं ओढून घेतली आणि भिंतीकडेनं, पाठ भिंतीला लावत लावत, जागेवर जाऊन बसली.

आवाज काढणारा शिवराज होता. श्रावस्तीनं त्याला बघितलं होतं, त्याचे ओठ अजून गोल होते. वर्गातला हुशार पोरगा, गुरुपौर्णिमेला पाया पडणारा, आई आजारी असताना घरचा स्वयंपाक करून येणारा. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं तेच तिनं चारच दिवसांपूर्वी अण्णांच्या हसण्यात अगदी जवळून ऐकलं होतं. त्यात द्वेष नव्हता, कपट नव्हतं, कुणाचं वाईट व्हावं असं तर मुळीच नव्हतं. तास संपल्यावर तिनं त्याला व्हरांड्यात थांबवलं. "का केलंस?" तो खाली बघून म्हणाला, "तसंच, मॅडम. तुम्हाला न्हाय केलं."

गुरुवारी प्रतीक्षा आली नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी संध्याकाळी श्रावस्ती घरी आली तेव्हा अण्णा अंगणात शेजाऱ्याची मोटर खोलून बसले होते. आठवडाभर ते असेच काही ना काही खोलून बसत होते आणि ती आली की मान खाली घालून स्क्रू शोधत होते. आई आत भाकरी थापत होती. श्रावस्ती पिशवी न ठेवताच त्यांच्यासमोर बसली.

"अण्णा, तुम्ही हसलात."

त्यांचे हात थांबले. आतल्या थापण्याचा आवाजही थांबला.

"व्हय," ते म्हणाले. "हसलो."

अण्णांनी फडक्याला हात पुसले, पुसत राहिले. "आठ दिस झोप न्हाय मला. म्या हसलो, आन् तू वळलीस. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं बग. पण म्हाईत नव्हतं गं बाई मला. ती तू हाईस हे म्हाईत नव्हतं."

हेच वाक्य. बसमध्ये तिनं स्वतःला ऐकवलेलं हेच वाक्य आता त्यांच्या तोंडून आलं, आणि काय बोचत होतं ते तिला एकदम सापडलं.

"मी नव्हते, तर मग ती कोण होती?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. उत्तर देण्यासाठी ते खरोखर विचार करत होते, हे तिला दिसत होतं. बिघडलेल्या इंजिनापाशी ते असेच थांबायचे, अंदाजानं काही बोलायचे नाहीत.

"कुणास ठाऊक," ते शेवटी म्हणाले. "तोंडच बघितलं न्हाय म्या तिचं. तिला तोंड आसंल, हेच डोक्यात आलं न्हाय." मग जरा वेळानं, अगदी हळू, "लई वरसं झाली आसतील तसं हसत."

तिला वाटलं होतं की ते कबूल झाले की आपल्याला मोकळं वाटेल, किंवा रडू येईल, किंवा आपण त्यांचा हात धरू. यांतलं काही झालं नाही. त्यांनी खरं सांगितलं होतं आणि ते खरं तिथंच दोघांच्या मध्ये, उघड्या मोटरीसारखं, पडून राहिलं. क्षमा करावी असं त्यात काही होतं का, हेही तिला कळेना. आई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. "जेवून घ्या," ती म्हणाली. आणि तिघं जेवले.

शनिवारी कॉलेज सकाळचं होतं. ते सुटल्यावर ती वडापच्या शेअर जीपमधून वस्तीवर गेली. फाट्यावर उतरून पुढं अर्धा मैल चालली. घर पत्र्याचं होतं, बाजूला काट्यांच्या कुंपणाचा वाडगा, त्यात चार-पाच कोकरं. प्रतीक्षाची आई अयोध्या बाजेवर गोधडी वाळत घालत होती. तिनं घाईघाईनं पदर नीट केला.

"बसा मॅडम. ताप-बीप काय न्हाय तिला. म्हणती, जात न्हाय. इचारलं तर बोलत न्हाय." मग आवाज खाली आणून, "तिचा बाप फोनवर म्हणला, जायाचं नसंल तर ऱ्हाऊ दे. उमरग्याकडचं एक स्थळ आलंय. म्या म्हणलं, परीक्षा होऊस्तोवर दम धरा."

अयोध्या चहा टाकायला आत गेली. प्रतीक्षा वाडग्यापाशी उभी होती, हातात कोकराला पाजायची बाटली. तिनं नमस्कार केला नाही. श्रावस्तीनं वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. शिवराजला प्राचार्यांसमोर उभं करणार आहे, असं सांगायचं. तुझ्यासारखी मुलगी शिकली पाहिजे, असं सांगायचं. असल्या पिक्चरांनी पोरांची डोकी फिरतात, आपण त्यांना भीक घालायची नाही, असं सांगायचं. ती बोलू लागली. प्रतीक्षानं सगळं ऐकून घेतलं, कोकराच्या तोंडातली बाटली काढली आणि विचारलं,

"मॅडम, त्या दिवशी मलाच का उठवलं?"

"तुला ते उदाहरण येत होतं."

"शिवराजलाबी येत होतं. निम्म्या वर्गाला येत होतं." तिचा आवाज रागाचा नव्हता, गणित तपासताना असावा तसा होता. "तुम्हाला पोरांकडं पाठ करून उभं ऱ्हायाचं नव्हतं. म्हणून मला उभं केलं. व्हय ना?"

कोकरू तिच्या मांडीला डोकं घासत होतं. श्रावस्तीला खिडकीपाशी उभी असलेली ती स्वतः दिसली, सैल सोडलेलं अंग, हलकं झालेलं मन. त्या वेळी फळ्यापाशी कोण उभं होतं? एक हुशार मुलगी. लिहिणारा एक हात. प्रतीक्षाच्या चेहऱ्याकडे तिनं त्या दिवशी बघितलं होतं का? आठवून बघितलं, तर टाचा आठवत होत्या, हातातला खडू आठवत होता, पण चेहरा आठवत नव्हता. नाही म्हणता आलं असतं. असं माझ्या मनात नव्हतं, असं म्हणता आलं असतं, आणि तेही खोटं ठरलं नसतं. मनात काही नव्हतंच.

"व्हय," ती म्हणाली. वर्गात ती कधी असं बोलत नसे. घरचा शब्द आपोआप आला. "तुला पुढं केलं मी. तुझं काय होईल, याचा विचार केला नाही."

प्रतीक्षा तिच्याकडे बघत राहिली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं इतका वेळ आपल्याकडे असं सरळ बघावं, याची श्रावस्तीला सवय नव्हती. नजर चुकवावी असं वाटलं, तिनं चुकवली नाही. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"सोमवारी कोण लिहिणार?" प्रतीक्षानं विचारलं.

"मी."

"आवाज काढतील."

"काढतील."

"मग थांबणार?"

"उदाहरण संपेस्तोवर नाही."

प्रतीक्षानं बाटली हलवून दूध किती उरलंय ते बघितलं. "मग येते," ती म्हणाली. "बघायला येते."

ते समजुतीचं बोलणं होतं की तपासायला येणार असल्याची सूचना, ते श्रावस्तीला कळलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. चहा पिऊन ती निघाली. फाट्यापर्यंतची वाट सरळ होती, आडोसा नसलेली, दोन्ही बाजूंना मोकळं रान. पाठीमागं वाडग्यापाशी ती मुलगी उभी आहे आणि आपल्याकडे बघते आहे, हे तिला न बघता समजत होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या पाठीवर चेहरा माहीत असलेल्या माणसाची नजर होती. ती नजर मायेची नव्हती. श्रावस्ती पाय लांब टाकायला गेली, मग तिनं मुद्दाम ते आवरले, आणि आपल्या नेहमीच्या चालीनं, मागं न वळता, रस्त्यापर्यंत चालत गेली.